दुसऱ्या मुद्द्याला तरलेला इझाक

माझ्या ताईचा नवरा इझाक विस्से वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षापर्यंत कोणीच नव्हता. मी वाकड्यात बोलत नाहीये. गावात कोणालाही विचारलं असतंत तर हेच ऐकलं असतंत. "कोण इझाक? हां, यानचा भाऊ!" थोरल्या यानला बापाचं शेत मिळालं, बंधाऱ्याखालचं घर मिळालं आणि देवळातला पुढून तिसरा बाकही मिळाला. इझाकला बापाचं नाक मिळालं. यानच्याच वखारीत उभा राहून तो सकाळपासून कांदे निवडायचा आणि घरी आला की हात धुऊन गप्प बसायचा. ताईचं नाव पीतरनेल. ती म्हणायची, "माझ्या नवऱ्यापेक्षा घड्याळ जास्त बोलतं."

हॉलंडच्या झेलंड प्रांतातल्या आमच्या गावात तेव्हा नऊशे माणसं होती. सगळी ख्रिस्ती, सगळी काळ्या कपड्यांतली, रविवारी दोनदा देवळात जाणारी. पण तरलेली माणसं विचाराल तर तेवीस. वर्षातून चार वेळा पांढऱ्या कापडाचं लांब मेज मांडून प्रभुभोजन व्हायचं. तेवीस जण मेजाशी बसायचे, उरलेले आम्ही बाकांवरून बघायचो. जो अयोग्यपणे ती भाकर खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं शास्त्रात आहे, आणि आमच्या गावानं सगळ्या शास्त्रातून तेवढंच वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. देवानं आपल्याला निवडलंय याची खूण हवी. खूण म्हणजे आधी काळोख, मग बुडणं, मग अश्रू, मग उजेड, आणि या सगळ्याचा वार नि वेळ सांगता यायला हवी. त्यातही मेख अशी, की जो म्हणेल 'मला खूण मिळाली' तो बहुधा ढोंगी आणि जो म्हणेल 'मला काही मिळालं नाही' त्याच्याबद्दल थोडी आशा. मी युट्रेख्टला चार वर्षं इतिहास शिकले, राजेरजवाड्यांचे सगळे डावपेच पाठ केले. इतका पक्का पिंजरा मला कुठल्या राजाकडे दिसला नाही.

शिकून मी परत आले, गावच्या शाळेत लागले, आणि तेव्हापासून सगळं गाव मला बाई म्हणतं. भावोजीसुद्धा. लग्न मी केलं नाही. एकदा विचारणा झाली होती, पण तो मुलगा उसासे फार टाकायचा.

आता ती गोष्ट. आमच्याकडे उपदेश सव्वा तासाचा आणि त्याचे तीन मुद्दे. प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला बायका पर्स उघडतात आणि नवऱ्याला, पोरांना एकेक पेपरमिंटची गोळी देतात. आमचं घड्याळ ते. गोळी संपता संपता मुद्दा संपला तर पाळक चांगला. मार्चमधल्या एका रविवारी दुपारी दुसऱ्या मुद्द्याची गोळी ताईनं इझाकच्या हातावर ठेवली, त्यानं तोंडात टाकली आणि रिवाजाप्रमाणे डुलकी काढली. तेवढ्यात पाळकसाहेब नरकाशी पोचले आणि त्यांनी व्यासपीठावर मूठ आपटली. इझाक दचकला. गोळी अख्खी घशात जाऊन अडकली.

दुसऱ्या कुठल्या गावात असता तर तो खोकला असता. आमच्याकडे दुसऱ्या मुद्द्यात खोकत नाहीत. माझा आजा न्यूमोनियातसुद्धा तिसरा मुद्दा संपेपर्यंत खोकला दाबून बसला होता. गुरुवारी त्याला पुरला. इझाकनं पुढच्या बाकाच्या फळीवर कपाळ टेकलं. खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून नि नाकातून धारा लागल्या, घशातून बिजागरी कुरकुरल्यासारखा आवाज यायला लागला. दोन-तीन मिनिटं असं चाललं. मग गोळी उतरली. त्यानं चेहरा वर केला तो ओलाचिंब, पांढराफटक, नुकत्या जन्मलेल्या पोरासारखा श्वास घेणारा.

मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे आमच्या देवळात सगळ्यांकडे तोंड करून बसतात. त्यांतले सगळ्यांत वजनदार लेन कोड्डे. त्यांनी हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं.

सोमवारी दुपारी ते ताईकडे आले. मी शाळा सुटल्यावर कॉफीला तिथेच होते.

"इझाक," कोड्डे टोपी न काढता म्हणाले, "काल दुसऱ्या मुद्द्याला तुला काय झालं?"

इझाकचे कान लाल झाले. "कोड्डेकाका, त्याबद्दल नको ना बोलायला. लाज वाटते हो."

कोड्ड्यांनी डोळे मिटले. "लाज," ते हळूच म्हणाले. "लाज!"

"अहो, ती पेप—" ताईनं तोंड उघडलं.

"पीतरनेलबाई," कोड्डे तिच्याकडे वळले, "तुमच्या घरावर आज फार मोठी गोष्ट उतरली आहे."

ताईला जन्मात कोणी बाई म्हटलं नव्हतं. तो मान शिकलेल्या धाकट्या बहिणीचा. तिनं तोंड मिटलं, कपाटातून चांगल्या कपबश्या काढल्या आणि कोड्ड्यांच्या बशीत दालचिनीचा दुसरा गोड बोलुस पाव ठेवला. मी बघतच राहिले.

बुधवारपर्यंत गावभर झालं. इझाक विस्से बदलला! दुसऱ्या मुद्द्याला! लोक रस्त्यात टोपीला हात लावू लागले. बुधवारच्या संध्याकाळी 'मोठी' माणसं जमून आपल्या जिवाच्या अवस्थेबद्दल बोलायची, तिथे त्याला बोलावणं आलं. बोलायला त्याच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून तो गप्प बसला, आणि सगळ्यांत खोल तोच ठरला. "बोलत नाही हो," बायका एकमेकींना सांगायच्या, "पण काय तो गप्प बसतो!"

माणसाला मोठेपण मानवतं. वर्षभरात इझाकची चाल मंदावली. त्यानं रुंद काठाची टोपी घेतली. उसासे तर असे टाकायला लागला की बस. जेवताना बटाटे पुढे कर म्हणायच्या आधी एक, केल्यावर एक. यानच्या बाकावर त्याला जागा मिळाली, आणि कांद्यांचा भाव सोडून ज्यानं भावाला कधी काही सांगितलं नाही तो यान त्याला विचारू लागला, "काय रे इझाक, तुला काय वाटतं, बाबा वर असतील?"

"आपण काय सांगणार," इझाक म्हणायचा. उसासा.

"तुझं पोट बरं आहे ना?" मी एकदा विचारलं.

"बाई, तुम्हाला काही पवित्र नाही," ताई माझ्यावर खेकसली. मला! अहो-जाहो करून! स्वतःच्या घरात!

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. लोक त्याला आजाऱ्यांकडे बोलवायला लागले आणि तो जायचा. बंधाऱ्याजवळची वांत्ये आजी मरणाला टेकली होती. बाकीची मोठी माणसं येऊन रांगेत बसायची आणि "प्रभूच जाणे" म्हणून निघायची. इझाक नऊ दिवस रोज दुपारी गेला. तिथे काय करायचास, असं मी विचारलं तर म्हणाला, "तस्त धरतो. उशी वर करतो. तिला पाठ आहेत ती स्तोत्रं वाचतो, म्हणजे चुकलो की ती रागावते. तेवढंच करमतं तिला."

तीन वर्षं गेली. पेंटेकॉस्टच्या सणाचं प्रभुभोजन जवळ आलं आणि कोड्ड्यांनी त्याला वखारीत गाठलं. तीन वर्षं वाट पाहिली इझाक, आता मेजाशी ये. तू येत नाहीस तर लोक म्हणतील देवाचं काम खोटं होतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर इझाक माझ्या वर्गात आला. पहिल्या रांगेतल्या पोरांच्या बाकात कसाबसा घुसून बसला, गुडघे हनुवटीशी.

"बाई, ती पेपरमिंटची गोळी होती."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"ताईनं त्याच दिवशी सांगितलं."

"आणि तुम्ही तीन वर्षं गप्प?"

"मला वाटलं, मजा येईल. आली."

तो हसला नाही. हातातली टोपी गोल फिरवत राहिला. "खोटेपणानं ती भाकर खाल्ली तर मी दंड खाईन. तुम्ही हसाल, तुम्ही शिकलेल्या, पण माझा त्यावर विश्वास आहे."

"मग खाऊ नकोस."

"आणि नाही गेलो तर?"

"तर काय होईल?"

"तर मी परत यानचा भाऊ."

आता इथे मी गोड काहीतरी बोलायला हवं होतं. मला गोड येत नाही. मी म्हटलं, "मग जाऊन खरं सांग. पाच म्हातारे आहेत, खाणार नाहीत तुला. आणि बाकातून जपून उठ, मोडलास तर मला अहवाल लिहावा लागेल."

शुक्रवारी तो देवळामागच्या खोलीत पाळकसाहेब आणि वडीलधाऱ्यांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. परत आला तो थेट ताईच्या स्वयंपाकघरात. मीही तिथेच होते. नसते तर फुटले असते.

"काय म्हणाले?"

"कोड्डेकाका रडले."

"रागानं?"

"आनंदानं. म्हणाले, ज्याला खरंच काही झालेलं असतं त्यालाच वाटतं आपल्याला काही झालं नाही. ढोंगी माणूस असं सांगायला येईल का?"

"आणि गोळी?"

"पाळकसाहेब म्हणाले, शास्त्रात देव गाढवाच्या तोंडून बोलला तर पेपरमिंटच्या गोळीतून का बोलणार नाही."

मी इतकी हसले की ताईनं खिडकी लावून घेतली. "सांगत होते ना, गप्प बस," ती नवऱ्याला म्हणाली. "आता आणखी मोठा झालास. बस, सूप घे."

इझाकनं सूप घेतलं नाही. तो आठवडा त्यानं धड काहीच खाल्लं नाही. वखारीत चांगले कांदे सडक्यांत टाकले, यान ओरडला, तरी याचं लक्ष नाही. दुसऱ्या शनिवारी, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, तो सायकल ढकलत माझ्या दारात आला.

"मी उद्या जाणार."

"म्हणजे खोटं निभावून नेणार. ठीक आहे. गाव तरी खूश होईल."

"तसं नाही." तो शब्द शोधत होता; सवय नव्हती बिचाऱ्याला. "वांत्ये आजीकडे सातव्या दुपारी ती म्हणाली, इझाक, माझ्यासाठी देवाला काहीतरी सांग. मी आयुष्यात पाठ केलेल्याखेरीज प्रार्थना म्हटली नव्हती. काय सांगू? मी म्हटलं, हिला घे. आणि जमलं तर मलाही घे."

"मग?"

"मग काही नाही. शेजारचं कुत्रं भुंकत होतं. काळोख नाही, उजेड नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. पण मी विचारलं आणि तो नाही म्हणाला नाही. दोन वर्षं होत आली, अजून नाही म्हणालेला नाही. आणि पुस्तकात तर म्हटलंय, या. तर मी जातो."

"एवढंच?"

"एवढंच."

मी त्याच्याकडे पाहिलं. रुंद टोपी नव्हती. उसासाही नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला वेड्यात काढायला मला शब्द सुचला नाही. याचा मला राग आला.

इथेच थांबला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण प्रामाणिक माणसाइतका त्रासदायक प्राणी दुसरा नाही. जाता जाता तो कोड्ड्यांच्या फाटकाशी थांबला, आणि मी मागोमाग गेले, कारण मला घरी बसवेना.

कोड्डे रविवारसाठी अंगणातली वाळू दाताळ्यानं रेखीव ओढत होते. इझाकनं त्यांना तेच सांगितलं, तसंच, कुत्र्यासकट. कोड्ड्यांचं दाताळं थांबलं.

"कुठला वार होता?"

"मंगळवार असेल. बुधवार?"

"त्याआधी किती काळ अंधारात होतास?"

"नव्हतो हो."

"अश्रू?"

"नाही."

"मग कशाच्या बळावर येतोस तू मेजाशी?"

"त्यानं बोलावलंय ना."

"बोलावलंय!" कोड्ड्यांचा आवाज चढला. "अरे, बोलावलंय सगळ्यांनाच! उद्या सगळेच येऊन बसले तर?"

"मग मेज लांब करावं लागेल, कोड्डेकाका."

'मला काही झालं नाही' म्हणणारा इझाक त्यांना संत वाटला होता. 'मला यायचंय' म्हणणारा इझाक त्यांना उद्धट वाटला. "इझाक," ते म्हणाले, "तू हलका झालास." आमच्या गावात कोणाबद्दल याहून वाईट बोलता येत नाही. हलका म्हणजे तरणं सोपं समजणारा. दारू पिणाऱ्याला सुधारता येतं, हलक्याला नाही.

रविवारी देऊळ गच्च भरलं. कोड्डे रात्रीतून पाळकसाहेबांकडे जाऊन आले होते, पण ज्याला गेल्या आठवड्यात वाखाणलं त्याला या आठवड्यात रोखायचं कसं, हे पाळकसाहेबांना कळेना, म्हणून त्यांनी ज्या पापांमुळे मेजाशी यायची बंदी आहे त्यांची यादीच नेहमीपेक्षा दुप्पट लांब वाचली. मग स्तोत्र सुरू झालं आणि तेवीस जण उठले. आमच्याकडे मेजाकडे जाताना माणूस फाशीला निघाल्यासारखा जातो. मान खाली, दोन पावलं, थांबणं, एक उसासा, आणखी दोन पावलं. स्तोत्राची सात कडवी त्यातच जातात.

इझाक पहिल्या कडव्याला उठला आणि सरळ चालत गेला. जेवायला चालल्यासारखा. सगळ्यांच्या आधी पोचला आणि खुर्ची ओढून बसला, आवाज करून.

"बूट पण पुसले नाहीत त्यानं," ताई माझ्या कानाशी पुटपुटली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

बाकीचे एकेक करून आले. त्याच्या डाव्या आणि उजव्या हाताची खुर्ची रिकामीच राहिली. एक म्हातारा जागा नाही म्हणून मेजाच्या कोपऱ्याला गुडघा लावून बसला, पण इझाकशेजारी बसला नाही. भाकरीची थाळी फिरवायचं काम कोड्ड्यांचं. रिकाम्या खुर्चीपाशी ते अडखळले. थाळी हातात, हात लांब केला तर पोचेल, न केला तर नाही. पावणेनऊशे माणसं श्वास रोखून बघत होती. खोटं कशाला बोलू, मीही. इझाकनंच अर्धवट उठून हात लांब केला, तुकडा घेतला आणि म्हणाला, "आभारी आहे." मेजाशी कोणी असं बोलत नाही.

त्यानं खाल्लं. काही जणींनी छताकडे पाहिलं. काही पडलं नाही.

सोमवारी ताईकडे कोणी आलं नाही. बुधवारचं बोलावणं आलं नाही. यानच्या बाकावर यानची पोरं अशी हातपाय पसरून बसली की जागा उरली नाही. दुकानात ताईला पुन्हा नुसतं पीतरनेल म्हणू लागले, आणि तिनं नवऱ्याशी महिनाभर अबोला धरला. त्यामुळे त्या घरात काय फरक पडला असेल हे सांगणं अवघड आहे, पण तिला पडला. "बाई म्हणत होते गं मला," एकदा भांडी विसळता विसळता ती म्हणाली, आणि मला तिची पहिल्यांदाच दया आली.

इझाक कांदे निवडत राहिला आणि दुपारी सायकलवरून आजाऱ्यांकडे जात राहिला. आता कोणी बोलवत नव्हतं, म्हणून तो स्वतःच विचारायचा, येऊ का? काही दारं मिटली. काही उघडली; घरात मरणारं माणूस असलं की वजन बघायला सवड नसते. उसासे गेले. चाल पुन्हा भराभर झाली. आणि एक नवीनच खोड लागली, तो बोलायला लागला. जेवताना, स्वयंपाकघरात, कांद्यांबद्दल, देवाबद्दल, सायकलच्या साखळीबद्दल. ताई वैतागली. "देवानं याला वाचा दिली ती माझ्याच घरात का?" वर्षातून चार वेळा तो मेजाशी बसायचा. डावी खुर्ची तिसऱ्या वर्षी भरली. वांत्ये आजीची सून होती ती.

मी? मी मागच्या बाकावर. आणि तिथून सगळं नीट दिसतं, तेव्हा मला विचारू नका.

सहा वर्षांनी लेन कोड्ड्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. मोठी माणसं येऊन पलंगाशी रांगेत बसली, उसासे टाकून गेली, मग यायची कमी झाली. शेवटी त्यांची बायको आद्रियाना मागच्या दारानं ताईकडे आली. लेनची दाढी वाढलीये, तिचे हात थरथरतात, इझाक येईल का? इझाक गेला त्या दिवशी मी सूप पोचवायला कोड्ड्यांकडे गेले होते, म्हणून हे मला माहीत.

इझाकनं गरम पाणी घेतलं, कोड्ड्यांच्या गळ्याशी टॉवेल खोचला आणि साबणाचा फेस केला. कोड्डे त्याच्याकडे एकटक बघत होते. मग वाकड्या तोंडानं, शब्द गोळा करत, म्हणाले, "तेहतीस वर्षं मेजाशी बसलो, इझाक. अजून खात्री नाही. रोज खुणा तपासतो. एक सापडते, दुसरी हरवते." दम खाल्ला. "तू विचारलंस. मी... मी कधी विचारलंच नाही रे. विचारायची आपली लायकी आहे का हेच बघत राहिलो."

मला वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलणार. एवढी वर्षं ऐकलेलं सगळं परत करायची संधी होती. मी असते तर सोडली नसती.

"मग विचारा आता," इझाक म्हणाला. "पण लवकर. साबण वाळतोय."

कोड्ड्यांनी डोळे मिटले. फेसाखाली ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. इझाक वस्तरा बाजूला धरून उभा होता, खिडकीबाहेर बघत, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा. मग कोड्ड्यांनी हनुवटी वर केली आणि तो दाढीला लागला. दुसऱ्याच फटकाऱ्याला त्यानं त्यांचा गाल कापला, आणि त्या धार्मिक माणसाच्या तोंडून अशी एक कडकडीत शिवी बाहेर पडली, जी मी आयुष्यात फक्त बंदरावर ऐकली होती.

आद्रियाना हात पुसत धावत आली. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही," इझाक म्हणाला आणि गालावर बोट दाबून धरलं. "जिवंत आहेत."